आईवडिलांच्या दीर्घ आजारपणात राहतं घर वाचवायचं असेल तर: कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पक्षाघात, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश, खुब्याचं हाड मोडल्यानंतर धरलेलं अंथरूण. ही दुखणी वर्षानुवर्षं चालतात. हॉस्पिटलचं बिल एकदा भरलं की संपतं, पण चोवीस तासांची मावशी, फिजिओ, डायपर, हवेची गादी यांचा खर्च दर महिन्याला पुन्हा उभा राहतो. आपल्याकडे सरकार हा खर्च उचलत नाही आणि त्याच्या वसुलीसाठी घरावर टाचही आणत नाही. तरीही घरं जातात. काही घाईत पडेल भावाने विकली जातात. काही तारण कर्जाचे हप्ते थकल्यामुळे बँकेच्या ताब्यात जातात. काही "आत्ताच मुलाच्या नावावर करून टाकू" म्हणून बक्षीसपत्राने हातची जातात. उरलेली नुसती अडकतात: मालकाला सही समजेनाशी होते, मग घर विकता येत नाही आणि भाड्यानेही देता येत नाही.

बहुतेक ठिकाणी चूक क्रमाची असते. घर कोणाच्या नावावर करायचं हा विषय सर्वांत आधी निघतो आणि बँक खातं, मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी), मृत्युपत्र, महिन्याची तूट हे विषय सर्वांत शेवटी. खालचा क्रम याच्या उलट आहे. तो महाराष्ट्रातल्या घरांसाठी लिहिला आहे आणि वारसांची उदाहरणं हिंदू वारसा कायद्याची आहेत. मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांत वाटण्या वेगळ्या होतात, कामांचा क्रम मात्र तोच राहतो. दस्त वकिलाकडूनच करून घ्या. त्याच्यासमोर काय मागायचं ते इथे वाचा.

टप्पा १: घर कागदावर कोणाचं आहे?

एका फाइलमध्ये एवढं गोळा करा: नोंदणीकृत करारनामा किंवा खरेदीखत, सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला दस्ताचा गोषवारा), सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, मालमत्ता कराची ताजी पावती. स्वतंत्र घर असेल तर मिळकत पत्रिका किंवा सातबारा. पूर्वी गृहकर्ज असेल तर बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला आणि बँकेकडून परत आलेले मूळ कागद. कर्ज फिटून वर्षं झाली तरी मूळ करारनामा बँकेतच पडून आहे, असं बऱ्याच घरांत आढळतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यावे लागतात. १ डिसेंबर २०२३ पासूनच्या प्रकरणांत बँकेने उशीर केला तर दिवसाला ₹५,००० भरपाईही आहे. तेव्हा संकोच न करता मागा.

आता दोन प्रश्न. घर स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित? वडिलोपार्जित असेल तर एकट्या वडिलांना ते पूर्ण विकता, देता किंवा मृत्युपत्रात लिहिता येत नाही. त्यात मुलग्यांइतकाच मुलींचाही हक्क आहे.

दुसरा प्रश्न: घर एकाच्या नावावर की दोघांच्या? लोक सर्वांत जास्त इथे फसतात. फ्लॅट आईवडिलांच्या संयुक्त नावावर आहे, वडील मृत्युपत्र न करता गेले. मग सगळे धरून चालतात की फ्लॅट आता आईचा. तसं होत नाही. वडिलांचा अर्धा हिस्सा आई आणि सगळी मुलं यांच्यात सारखा वाटला जातो, आणि वडिलांची आई हयात असेल तर तिच्यातही. दोन मुलं असतील आणि आजी नसेल, तर आईकडे स्वतःचा अर्धा अधिक सहावा हिस्सा, म्हणजे दोन तृतीयांश येतो. उरलेला सहावा-सहावा भाग दोन्ही मुलांचा. पुढे आईच्या औषधपाण्यासाठी घर भाड्याने द्यायचं किंवा गहाण टाकायचं झालं तर परदेशातल्या भावाचीही सही लागणार. ही अडचण आजच हक्कसोडपत्राने मिटवता येते. दोन्ही मुलांनी आपला हिस्सा आईच्या नावे नोंदणीकृत दस्ताने सोडायचा. साध्या कागदावरचं "माझी हरकत नाही" इथे चालत नाही.

इशारा: सोसायटीत ज्याचं नामनिर्देशन आहे तो मालक होत नाही. तो वारसांच्या वतीने घर सांभाळणारा. "नॉमिनी मीच आहे" या वाक्यावर विसंबून एकाही पायरीचं काम टाळू नका.

तपासा: वडिलांनी कोणाच्या धंद्याच्या कर्जाला हे घर तारण दिलंय का? जामीनदार म्हणून सही केली आहे का? हे विचारायला अवघड जातं, पण विचाराच. आजारपणाचा खर्च आणि मुलाच्या धंद्याचं थकलेलं कर्ज एकाच वेळी येतं तेव्हा घर वाचवणं जवळजवळ अशक्य होतं.

टप्पा २: सही समजते तोवरच होणारी कामं

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या. बाकीचं सगळं पुढे ढकलता येतं, हे नाही.

*मुखत्यारपत्राची मर्यादा आधी समजून घ्या.* "बाबांचं मुखत्यारपत्र करून ठेवलंय, काळजी नाही" असं सर्रास ऐकू येतं. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. काही देशांत क्षमता गेल्यावरही चालणारं मुखत्यारपत्र असतं. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे ज्या दिवसासाठी ते केलं, नेमक्या त्याच दिवशी ते निकामी होतं. अंथरुणाला खिळलेल्या पण डोकं शाबूत असलेल्या माणसासाठी मुखत्यारपत्र उत्तम आहे. स्मृतिभ्रंशावर तो उपाय नव्हे. तसंच, मुखत्यारपत्राच्या आधारे "विक्री" केली तरी घराची मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे.

*बँक खाती.* वडिलांचं निवृत्तिवेतन ज्या खात्यात येतं ते एकट्याच्या नावावर असेल तर आधी आईचं नाव त्यात घाला आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" असा पर्याय लेखी द्या. बचत खातं एवढ्याने सुटतं. मुदत ठेवीचं तसं नाही. हा पर्याय असला तरी मुदतीआधी ठेव मोडायची तर साधारणपणे दोघांच्याही सह्या मागतात. त्यामुळे आपल्या बँकेत मुदतीआधी मोडण्याबाबतची संमती आत्ताच लिहून द्या. मोठी एकच ठेव असेल तर ती संपल्यावर लहान लहान ठेवी करा, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येईल.

हात थरथरतो, सही जुळत नाही, म्हणून खातं बंद पडू द्यायचं कारण नाही. आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची तरतूद आहे. त्यांतला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. शाखेत लेखी अर्ज द्या. एटीएम कार्ड घेऊन परस्पर पैसे काढत राहणं सोपं वाटतं, पण पुढे भावंडांत हिशेबाचा वाद झाला तर त्या प्रत्येक रकमेचं उत्तर एकट्या तुम्हाला द्यावं लागेल.

*हयातीचा दाखला.* नोव्हेंबरमध्ये तो गेला नाही की निवृत्तिवेतन थांबतं. मोबाइलवर चेहरा दाखवून तो देता येतो, रुग्णाला बँकेत न्यावं लागत नाही. ही जबाबदारी घरातल्या एकाच्या नावावर टाका, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं असेल.

*मृत्युपत्र.* घराचं संरक्षण करणारा सर्वांत स्वस्त कागद हाच. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, आणि आईवडिलांच्या हयातीत घर त्यांचंच राहतं. हवं तेव्हा बदलताही येतं. दोन साक्षीदार हवेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयाने लहान निवडा. ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या मृत्युपत्रावर ऐंशी वर्षांच्या मित्राची साक्ष असेल तर पुढे साक्ष द्यायला कोण उरणार? सक्तीची नसली तरी नोंदणी करा. दुय्यम निबंधक कार्यालयात जाता येत नसेल तर गृहभेटीसाठी अर्ज करता येतो, अधिकारी घरी येऊन दस्त नोंदवतात.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली असेल तरी मृत्युपत्र लगेच बाद होत नाही. सही करताना आपण काय करतोय, मालमत्ता कोणती आणि वारस कोण, हे कळत असणं महत्त्वाचं. अशा वेळी त्याच दिवशीचा, तपासून दिलेला डॉक्टरांचा दाखला जोडा. मागच्या महिन्याचा दाखला कामाचा नाही. मुस्लीम कुटुंबात वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त देता येत नाही, ते वकिलाला आधीच सांगा.

*वैद्यकीय इच्छापत्र.* घराच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण शेवटच्या काही आठवड्यांत व्हेंटिलेटरवर होणारा खर्च हे घर विकण्याचं एक मोठं कारण आहे, आणि तो निर्णय घेताना घरातलं कोणीच "पुरे" म्हणायला धजत नाही. सुधारण्याची आशा नसेल तेव्हा कृत्रिम उपचार कुठवर हवेत हे माणूस शुद्धीत असताना लिहून ठेवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क २०१८ मध्ये मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. आईवडिलांचं मत विचारा आणि ते मत त्यांचंच राहू द्या. पैशाच्या धाकाने लिहून घेतलेला असा कागद मला तरी मान्य नाही.

तपासा: पुढे जाण्याआधी या चार गोष्टी हातात आहेत का: संयुक्त केलेलं खातं, मुदत ठेवींची संमती, सही झालेलं मृत्युपत्र, आणि मूळ कागद कुठे ठेवलेत हे माहीत असलेल्या दोन व्यक्ती?

टप्पा ३: महिन्याची तूट काढा

घराची किंमत माहीत असते, महिन्याची तूट माहीत नसते. त्यामुळे तूट छोटी असतानाही घर विकायची भाषा सुरू होते.

तीन महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च लिहा. मावशी किंवा परिचारिकेचा पगार, ब्युरोचं कमिशन, तिच्या सुट्टीच्या दिवशीची बदली, तिचं जेवण, डायपर आणि अंडरपॅड, औषधं, फिजिओ, कॅथेटर किंवा नळी बदलायला येणाऱ्याचे पैसे, वाढलेलं वीजबिल. खाट, सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांची खरेदी की भाडं, ते वेगळं लिहा. रुग्ण किती काळ असा राहील हे डॉक्टर सांगू शकत नसले तरी उपकरण सहा महिन्यांहून जास्त लागेल का, एवढं बहुतेक वेळा सांगू शकतात.

आता आकडेमोड. समजा खर्च महिना ₹४५,००० आणि निवृत्तिवेतन व व्याज मिळून येतात ₹२२,०००. तूट ₹२३,०००, वर्षाची ₹२,७६,०००, पाच वर्षांची ₹१३,८०,०००. महागाई धरली तर त्याहून बरीच जास्त, पण बहुतेक शहरांत घराच्या किमतीपेक्षा खूपच कमी. तीन भावंडांत वाटली तर दर महिना प्रत्येकी ₹७,६६७. या आकड्यासमोर बसलं की घर विकण्याची चर्चा सहसा तिथेच थांबते. तुमचा आकडा याच्या तिप्पट आला तर थांबणार नाही, आणि ते आत्ता कळलेलंच बरं.

इशारा: एका मुलीने नोकरी सोडून सेवा केली तर तो खर्च शून्य धरू नका. तिचा बुडालेला पगार हा या हिशेबातला सर्वांत मोठा आकडा असू शकतो, आणि तोच बहुधा वहीत नसतो.

टप्पा ४: दुसरं कोण काय देतं ते तपासा

फार अपेक्षा ठेवू नका. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत अपवाद क्रमांक ०५ वाचा: विश्रांती, पुनर्वसन आणि शुश्रूषा. अंघोळ घालणं, कपडे घालणं, फिरवणं यासाठी ठेवलेल्या माणसाचा खर्च, मग तो घरी असो वा केंद्रात, इथेच वगळलेला असतो. "विमा आहे ना" म्हणणाऱ्या भावाला हे कलम वाचून दाखवा. विम्याचा उपयोग अधूनमधून होणाऱ्या भरतीसाठी. त्या वेळी बचत वाचते, म्हणून हप्ता चुकवू नका.

वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ₹५ लाखांपर्यंतचे उपचार यादीतल्या रुग्णालयांत मिळतात. भरतीआधीचे ३ आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस त्यात येतात. घरातली मावशी त्यात बसत नाही.

जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तर ज्येष्ठांच्या ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारासाठी ₹१ लाखापर्यंत आणि अवलंबून असलेल्या दिव्यांग नातलगासाठी ₹७५,००० किंवा तीव्र दिव्यांगत्व असेल तर ₹१,२५,००० वजावट आहे. नव्या प्रणालीत ती मिळत नाही.

टप्पा ५: भावंडांची बैठक आणि एक पानाचा कागद

घर बँकेपेक्षा भावंडांच्या भांडणात जास्त अडकतं. बैठक आईवडिलांसमोर घ्या, त्यांच्या पाठीमागे नको. घर त्यांचं आहे. जोडीदारांना बोलवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण बोलावलं तर सगळ्यांच्या बोलवा.

कागदावर एवढंच: दर महिना कोण किती देणार आणि कोणत्या खात्यात. प्रत्यक्ष सेवा कोण करणार. कोणाचे पैसे ही मदत आणि कोणाचे पैसे उसने. वर्षातून एकदा रकमा पुन्हा ठरवायच्या. सर्वांच्या सह्या, तारीख.

उसने आणि मदत हा फरक टाळू नका. एका मुलाने पाच वर्षं सगळा खर्च केला, शेवटी म्हणाला "घरात माझे एवढे लाख गेलेत". बाकीचे म्हणाले "आईसाठी केलंस, उपकार नाही". दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात आणि तोडगा निघत नाही. उसने असतील तर रक्कम बँकेतूनच द्या आणि आईवडिलांची लेखी कबुली घ्या. वसुलीची मुदत तीन वर्षांची असते, म्हणून ती कबुली मुदत संपण्याआधी नव्याने घेत राहा. सेवा करणाऱ्या मुलीला किंवा सुनेला काही जास्त द्यायचं असेल तर त्याची जागा मृत्युपत्रात आहे. तोंडी "हे घर तुझंच" म्हटल्याने तिला काही मिळत नाही, फक्त भांडणाला निमित्त मिळतं.

टप्पा ६: घरातूनच पैसा काढायचा असेल तर

तूट भावंडांनीही भरून निघत नसेल तर घराकडे वळा, पण या क्रमाने.

आधी *भाडं*. आईवडील मुलाकडे राहायला आले असतील तर त्यांचं घर कुलूप लावून ठेवू नका. लेखी आणि नोंदणीकृत भाडेकरारच करा. महाराष्ट्रात तो सक्तीचा आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. करारावर मालकाची सही लागते, म्हणून टप्पा २ आधी.

मग *मोठं विकून लहान घेणं*. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तीन खोल्या असतील तर तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट रुग्णालाही बरा आणि हातात रक्कमही उरते. नवं घर विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत घेतलं तर त्यात गुंतवलेल्या दीर्घकालीन नफ्यावर कर लागत नाही. उरलेली सगळी रक्कम एकाच्याच खात्यात ठेवू नका. पती-पत्नी दोघंही साठीच्या पुढचे असतील तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ₹३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला येतं.

मग *रिव्हर्स मॉर्गेज*, म्हणजे उलट गहाण. घर बँकेकडे तारण, बँक दर महिना किंवा तिमाहीला तुम्हाला पैसे देते आणि हयातीत हप्ता फेडायचा नसतो. अर्जदार ६० वर्षांचा, जोडीदार किमान ५५ चा, घर स्वतःचं, स्वकष्टार्जित, राहतं आणि बोजारहित हवं. रक्कम जास्तीत जास्त २० वर्षं मिळते. ती बंद झाली तरी घरातून बाहेर पडावं लागत नाही. मिळालेले पैसे उत्पन्न म्हणून करपात्र नाहीत. दोघांच्या पश्चात वारसांना कर्ज फेडून घर सोडवण्याची पहिली संधी असते, नाही सोडवलं तर बँक विकून उरलेली रक्कम वारसांना देते. म्हणजे घर पुढच्या पिढीसाठी बहुधा जातं, पण आईवडिलांच्या डोक्यावरून जात नाही. ज्यांना मूलबाळ नाही किंवा मुलांना घराची गरज नाही, त्यांनी याचा विचार लवकर करावा असं मला वाटतं.

इशारा: दोघांपैकी कोणीच त्या घरात सलग एक वर्ष राहिलं नाही तर उलट गहाणाचं कर्ज फेडीला येऊ शकतं. वडील गेले आणि आई शुश्रूषा केंद्रात कायमची गेली, की हीच स्थिती. केंद्रात ठेवण्याची शक्यता दिसत असेल तर हा पर्याय घेऊ नका.

सर्वांत शेवटी *मालमत्ता तारण कर्ज*. इथे हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो. आजारपणाची तूट भरायला असं कर्ज घेतलं की तुटीत हप्त्याची भर पडते. हप्ते थकून खातं बुडीत ठरलं की सरफेसी कायद्याखाली (बँकांच्या थकीत तारण कर्जांच्या वसुलीचा कायदा) ६० दिवसांची नोटीस देऊन बँक न्यायालयात न जाता ताब्याची कारवाई सुरू करू शकते. एखाद्या शस्त्रक्रियेसाठी, फेडीचा नक्की स्रोत समोर असताना, ठीक. महिन्याच्या खर्चासाठी कधीच नाही. नोटीस आलीच तर ६० दिवसांत लेखी आक्षेप नोंदवा; पुढे ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात.

टप्पा ७: बक्षीसपत्र करायचंच असेल तर

महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडं किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त ₹२०० आहे. शहरांत स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त म्हणून लोक तिकडे धावतात. परिणाम बघा: सही झाली त्या दिवसापासून आईवडील दुसऱ्याच्या घरात राहतात. मुलाचं कर्ज थकलं, त्याचा घटस्फोट झाला, तो आधी गेला, की घर त्या गोंधळात. उलट गहाणाचा मार्गही बंद. आणि आजारपणाच्या खर्चातून घर वाचवण्यासाठी याने काहीच साधत नाही, कारण आपल्याकडे त्या खर्चासाठी कोणी घरावर दावा सांगतच नाही. आधीची देणी बुडवायला केलेलं हस्तांतर तर धनको न्यायालयात रद्द करून घेऊ शकतो.

तरीही ठोस कारण असेल, उदाहरणार्थ एका अपत्याने सगळी जबाबदारी घेतली आहे आणि बाकीच्यांची संमती आहे, तर दस्तात दोन गोष्टी हव्यातच.

पहिली, देणाऱ्या दोघांचाही हयातभर राहण्याचा आणि उपभोगाचा हक्क. असा हक्क राखून केलेलं बक्षीसपत्र वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आहे.

दुसरी, सांभाळाची अट स्पष्ट शब्दांत: निवास, अन्न, औषधोपचार, शुश्रूषा, आणि ती पाळली नाही तर बक्षीस रद्द होईल. ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ चं कलम २३ अशा अटीवर उभं आहे. डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अट नसेल तर या कलमाचा आधार मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावून एक बक्षीस रद्द केलं, पण तिथेही सांभाळाचं लेखी वचन होतंच. "प्रेमापोटी व मायेपोटी" एवढंच छापलेल्या तयार नमुन्यावर सही करू नका.

तपासा: दस्ताचा मसुदा आईवडिलांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांनी तो त्यांच्या शब्दांत परत सांगावा. सांगता आला नाही तर नोंदणी पुढे ढकला.

टप्पा ८: उशीर झाला असेल तर

*सही समजत नाही, घर त्यांच्याच नावावर, पैसे हवेत.* जुन्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करू नका, अंगठा उठवून घेऊ नका. असा दस्त पुढे कोणताही वारस उलथवू शकतो. मुंबई उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली पालक म्हणून नेमणूक मागता येते; कोमातल्या आणि गंभीर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी अशा नेमणुका झाल्या आहेत. सोबत वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, खर्चाचा तक्ता, सर्व वारसांची संमतिपत्रं जोडा. टप्पा ३ चा हिशेब इथे थेट उपयोगी पडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, त्याला घर विकता येत नाही.

*घर आधीच मुलाच्या नावावर, आणि तो बघत नाही.* आईवडिलांनी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांतांच्या कार्यालयातल्या निर्वाह न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. दोन मागण्या स्वतंत्र लिहा: कलम २३ खाली हस्तांतर रद्द करणं आणि दरमहा निर्वाह खर्च. कायद्यात निर्वाहाची कमाल मर्यादा महिना ₹१०,००० आहे, त्यामुळे खरा भर पहिल्या मागणीवर ठेवा. अर्जासोबत बक्षीसपत्राची प्रत, सांभाळाचं वचन दाखवणारा कोणताही कागद किंवा संदेश, आणि नकार दिल्याचा पुरावा लावा. स्वतः जाता येत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. अर्जाची पोच तारखेसह घ्या. निर्वाहाचा अर्ज साधारण ९० दिवसांत निकाली निघायला हवा. तारखा लांबत असतील तर त्या पोचेच्या आधारे लेखी स्मरणपत्र द्या.